पाहुण्यांसाठी एक गोळी

"घ्या, हातात घ्या. नाकाजवळ न्या. येतो का वास?"

आमच्या आश्रमाचे प्रमुख तात्याजी हिवरकर यांनी मूठभर काळीभोर माती वझलवारबाईंच्या ओंजळीत घातली. बाई नागपूरच्या, आश्रमाच्या विश्वस्त, कोशाची साडी नेसून आलेल्या. त्यांनी डोळे मिटून ओंजळ नाकाशी नेली आणि श्वास न घेताच म्हणाल्या, "छे, अजिबात नाही."

"आता सांगा, हे काय आहे?"

काय आहे ते त्यांना ठाऊक होतं. आमच्या आश्रमशाळेत येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला हे दर्शन घडायचंच. संडासाच्या खड्ड्यात कुजून तयार झालेलं खत, म्हणजे सोनखत. देवळात तीर्थ घ्यावं तसे लोक ते हातावर घ्यायचे, मान डोलवायचे, आणि मग हात कुठे पुसावा हे कोणाला कळायचं नाही. तात्याजींसमोर पुसायची कोणाची छाती नव्हती. तेवढ्यात जेवणाची घंटा व्हायची आणि सगळे त्याच हातांनी मुळा खायला बसायचे.

मी तिथे गृहमाता होते. नाव भारी, काम म्हणजे उवा काढणं, खरजेला मलम लावणं आणि रडणाऱ्या पोरांना झोपवणं. अमरावतीला नर्सिंगचा कोर्स करता करता लग्न झालं, लग्न मोडलं, कोर्सही मोडला, आणि कोणीतरी सांगितलं की वर्ध्याकडे एका आश्रमाला बाई हवी आहे. गेले. तिशीतली होते, जीभ आजच्याइतकीच तिखट होती, पण तेव्हा ती तोंडात ठेवायची सवय होती.

आश्रमाचे नियम सकाळच्या प्रार्थनेनंतर मोठ्यानं म्हटले जायचे. बागेत अनवाणी जायचं, कारण मातीशी नातं तळव्यांतून जुळतं. तात्याजी स्वतः खडावा घालायचे, कारण त्यांच्या गुडघ्यांना ओल सोसत नसे. मुलांच्या गुडघ्यांना सोसते हे त्यांनी गृहीत धरलं होतं. बागेतला मुळा, मेथी, कोथिंबीर कच्ची खायची, आणि तीही न धुता. धुतलं की सत्त्व जातं. माती झटकायची आणि खायचं. आजारपण आलं तर उपास, कडुनिंबाचा रस आणि वावडिंगाचं पाणी. गोळी म्हणजे मनाचा दुबळेपणा. गावातल्या औषधाच्या दुकानाचं उद्घाटन करायला एकदा तात्याजींना बोलावलं होतं, तर तिथे फीत कापून त्यांनी तासभर औषधांविरुद्ध भाषण केलं. दुकानदार बिचारा पेढ्यांचं ताट धरून उभा होता.

आणखी एक गोष्ट सांगते, ती महत्त्वाची आहे. खड्डा भरला की माती टाकून बंद करायचा आणि पुरतं वर्षभर हात लावायचा नाही, म्हणजे आतलं सगळं मरतं आणि नुसतं खत उरतं. हे मी नाही सांगत, तात्याजींच्याच पुस्तिकेत छापलं होतं. पण आश्रमाचा उत्सव यायचा जानेवारीत आणि खड्डा बंद व्हायचा पावसाळ्याच्या तोंडाशी. पाहुण्यांना खड्डा उघडून दाखवायचा तर वर्ष कुठून आणायचं? मग उत्सवाआधी वाफे हिरवेगार दिसावेत म्हणून दिवाळीतच खड्डा उघडायचा. वरचा पालापाचोळ्याचा काळा थर टोपलीत काढून पाहुण्यांच्या हातासाठी ठेवायचा, आणि खालचं जे काही निघेल ते मुलांनी घमेल्यांनी वाफ्यांत पसरायचं. अनवाणी.

मंजुळा उईके चौथीत होती. मेळघाटच्या बाजूची. आई नव्हती. बाप सोमाजी पावसाळा संपला की वीटभट्टीवर जायचा. पोरगी हुशार होती, पाढे गाण्यासारखे म्हणायची, पण त्या वर्षी ती पिवळी पडत चालली होती. हातपाय काड्या आणि पोट पुढे. जिना चढली की धाप. पाटीवरची पेन्सिल खाताना मी तिला दोनदा धरलं, एकदा भिंतीचा पोपडा खाताना. तळपायांना इतकी खाज, की प्रार्थनेला बसल्यावरही खाजवायची आणि त्यासाठी शिक्षा व्हायची.

आरोग्य केंद्राचे डॉक्टर फुलझेले महिन्यातून एकदा यायचे. तरुण होते, मोटरसायकलवर यायचे, आणि तात्याजींच्या परवानगीनं फक्त बघायचे. शाळा सुरू झाली तेव्हा मी गुपचूप त्यांच्याकडून घेऊन मंजुळेला जंताची गोळी आणि लोहाचं औषध दिलं होतं. पोरगी दिवाळीपर्यंत बरी होती. दिवाळीनंतर पुन्हा पहिल्यासारखी. मी डॉक्टरांना म्हटलं, तुमची गोळी बनावट दिसते.

ते हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "मुलं खातात काय आणि पायात काय घालतात?"

मी सांगितलं. ते वाफ्यांकडे बघत राहिले. मग त्यांनी मला जंतांच्या दोन जाती समजावल्या. एक तोंडावाटे पोटात जाते, मातीतल्या अंड्यांतून, न धुतलेल्या भाजीबरोबर. दुसरी तळपायाच्या कातडीतून शरीरात घुसते, आतड्याला चिकटते आणि रक्त पिते. आधी तळव्यांना खाज येते, मग माणूस पिवळा पडतो. गोळी दोन्हींना मारते. पण गोळी खाऊन पोरगी पुन्हा त्याच वाफ्यात उभी राहिली तर गोळीनं काय करायचं?

"हिच्या अंगात रक्त राहिलेलं नाही, धांडेबाई," ते म्हणाले. "असंच चालू राहिलं तर साध्या तापानं हे लेकरू जाईल. सगळ्या मुलांना गोळ्या द्या, पायात चपला द्या, भाजी शिजवा, आणि तो खड्डा त्याच्या वेळेआधी उघडू नका."

ते एक मोठा डबा भरून गोळ्या माझ्याकडे ठेवून गेले.

मी तात्याजींकडे गेले. ते झोपडीच्या ओट्यावर सूत कातत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी धागा तुटू न देता ऐकून घेतलं आणि प्रेमळ हसले. ते हसू मला अजून आठवतं, आणि अजून डोक्यात जातं.

त्यांचं म्हणणं असं, की जंत गोडामुळे होतात हे सगळ्या जगाला माहीत आहे, आणि ही पोरगी कोठीतला गूळ चोरत असणार. मी म्हटलं, कोठीची किल्ली माझ्या कमरेला असते. मग म्हणाले, तिचं मन घरी ओढ घेतं, म्हणून शरीर साथ देत नाही. मी म्हटलं, तिचं घर वर्षातला बराच काळ वीटभट्टीवर असतं, तिकडे कोणाचं मन ओढ घेईल? त्यावर त्यांनी टकळी खाली ठेवली.

"बाई, मी पन्नास वर्षं हा मुळा खातोय. आयुष्यात एक गोळी घेतली नाही. बघा माझ्याकडे."

मी बघितलं. गोरेपान, ताठ, गालांवर लाली. मुलांना दूध वाटीभर मिळायचं, तात्याजींना व्रत म्हणून अन्न वर्ज्य होतं त्या दिवशी लोटाभर.

निकाल असा लागला, की मंजुळेनं तीन दिवस फक्त कडुनिंबाचा रस घ्यायचा, फावड्याचं काम झेपत नाही तर तात्याजींच्या झोपडीमागचा त्यांचा वेगळा संडास रोज सकाळी धुवायचा, ती सेवा हलकी असते, आणि उत्सवाच्या दिवशी बापाला बोलावून तिला घरी पाठवायचं. अशी रोगट मुलगी पहिल्या रांगेत बसली तर पाहुण्यांचा गैरसमज होईल. गोळ्यांचा डबा आरोग्य केंद्राला परत करायचा.

मी डबा परत केला नाही. कपाटात लपवला. उपासाचे तीन दिवस पोरीला माझ्या खोलीत भाकरी दिली. पण पुढचं काही माझ्या हातात नव्हतं. सोमाजी तिला भट्टीवर नेणार, तिथे ती विटा वाहणार, आणि डॉक्टर म्हणाले होते तसा एखादा साधा ताप येणार. मी हे रोज स्वतःला सांगायची आणि रोज मुकाट्यानं उवा काढायची.

उत्सवाला चार-पाच दिवस उरले होते. दुपारची वामकुक्षी चालली होती, सगळा आश्रम चिडीचूप. मी कपडे घडी करत बसले होते, तर खडावांचा आवाज आला. तात्याजी कधी माझ्या खोलीकडे फिरकत नसत. दारातच उभे राहिले. चेहऱ्यावरची लाली गेलेली.

म्हणाले, गोळ्या परत गेल्या का?

मी म्हटलं, मोटरसायकल आली नाही अजून.

"हं." इकडे तिकडे पाहिलं. "त्यातली एखादी ठेवून घ्या. एका पाहुण्यांना लागणार आहे."

"कोणत्या पाहुण्यांना?"

"येणार आहेत."

"जंत झालेत त्यांना?"

"म्हणजे... त्यांना तशी शंका आहे."

"कशावरून शंका आली?"

तात्याजी दाराच्या चौकटीकडे बघू लागले. मला एकदम सगळं कळलं, आणि इतका आनंद झाला की हातातलं पोलकं मी तोंडावर धरलं. इतक्या वर्षांत त्या माणसाला मी पहिल्यांदा घाबरलेला पाहत होते. गावात जाऊन औषधाच्या दुकानात गोळी मागायची तर तो पेढेवाला दुकानदार गल्ल्यावर बसलेला. डॉक्टरांकडे मागायची तर ते वयानं नातवाएवढे. राहता राहिले मी.

मी म्हटलं, "पाहुण्यांना सांगा, गोळी आहे. पण एकट्याला नाही मिळणार. ही गोळी सगळ्यांनी एकदम घ्यायची असते, नाहीतर एकाचे जंत दुसऱ्याला होतात आणि दुसऱ्याचे परत पाहुण्यांना. उत्सवाच्या दिवशी डॉक्टर येतील, मुलांची रांग लागेल, त्या रांगेत पाहुण्यांनी उभं राहावं."

"बाई, ते वयस्कर आहेत. प्रतिष्ठित आहेत."

"जंतांना त्याचं काही नसतं, तात्याजी."

चौकटीकडेच बघत त्यांनी रांगेला होकार दिला. मी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. मुळा शिजवायचा आणि मंजुळा घरी जाणार नाही. मुळ्याबद्दल ते म्हणाले विचार करू. मंजुळेबद्दल म्हणाले, तिच्या बापाला निरोप गेलेला आहे, दिलेला शब्द मोडणं तत्त्वात बसत नाही. खाजगीत गोळी मागणं तत्त्वात बसत होतं. मग खडावांचा आवाज न करता, त्या हातात घेऊन, ते परत गेले. त्यांना अनवाणी चालताना मी त्या दिवशी प्रथम पाहिलं.

उत्सवाला नागपूरहून गाड्या आल्या. वझलवारबाई पुन्हा आल्या, या वेळी पांढऱ्या खादीत. सोनखताचं दर्शन झालं, सगळ्यांनी वास आला नाही म्हणून सांगितलं, कच्च्या मुळ्याची पंगत झाली. पाहुण्यांनी डोळे मिटून चावला, तात्याजींनी नुसता ताटात इकडून तिकडे केला. सोमाजीही आला होता. धोतर, खांद्यावर टॉवेल, मुलीचे कपडे बांधून न्यायला एक रिकामी पिशवी. तो मांडवाच्या कडेला उकिडवा बसला. मंजुळेला मागच्या रांगेत, खांबाआड बसवलं होतं.

तात्याजी बोलायला उभे राहिले. मी गोळ्यांचा डबा घेऊन डॉक्टर फुलझेल्यांच्या शेजारी उभी होते. मला वाटलं, आता हा माणूस काय करतो बघू. आणि त्यांनी जे केलं ते मला सात जन्मांत सुचलं नसतं.

ते म्हणाले, आज आश्रमाच्या इतिहासातला मोठा दिवस आहे. आमच्या काही बालकांच्या उदरात व्याधी आहे. मी औषधांचा विरोधक, हे आपण जाणता. पण बालकांच्या मनात गोळीची भीती आहे. ती घालवायची तर आधी कोणीतरी व्रत मोडलं पाहिजे. म्हणून मी, ज्यानं आयुष्यात गोळीला स्पर्श केला नाही, तो मी आज या बालकांसाठी, त्यांचं दुःख आपलं समजून, पहिली गोळी घेणार आहे.

समजून!

त्यांनी माझ्यापुढे हात पसरला. मी गोळी ठेवली. चावून खायची असते, ती त्यांनी डोळे मिटून सावकाश चावली, विष पचवत असल्यासारखी. टाळ्यांचा कडकडाट झाला. वझलवारबाई पदरानं डोळे पुसत होत्या, आणि मला त्यांच्या हाताची काळजी वाटत होती. डॉक्टर माझ्याकडे बघत होते. मी डब्याकडे बघत होते. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण नोकरीचा विचार आला आणि जीभ पुन्हा टाळ्याला चिकटली.

मुलांची रांग लागली. मंजुळाही खांबाआडून निघून रांगेत आली. तिनं गोळी घेतली, खाल्ली, आणि वझलवारबाईंनी तिला जवळ ओढलं. म्हणाल्या, "बाळ, कळलं का तुला? तुमचे तात्याजी किती थोर आहेत. तुझ्यासाठी त्यांनी एवढी कडू गोळी खाल्ली."

पोरगी गोंधळली. तिला खोटं सांगता येत नसे, आश्रमाचा तोही एक नियम होता आणि तो तिनं खरा मानला होता.

"कडू नाही जी, गोडच असते," ती म्हणाली. "अन् माह्यासाठी काहून खातील? त्यायच्या पोटात आहेत म्हणून खाल्ली त्यायनं. मीच पायला जी, सकाळी त्यायचा संडास धुतानी. माह्यावाल्याहून लांब होता."

आवाज मोठा नव्हता. पण मुलांची नावं पुकारायचा माईक तिथेच होता.

वझलवारबाईंनी आधी मंजुळेकडे पाहिलं, मग तात्याजींकडे, मग स्वतःच्या उजव्या हाताकडे. मागच्या बाजूला कोणीतरी विचारलं, "मुळा धुतला होता ना?" आणि स्वयंपाकीण लक्ष्मीबाईंनी अभिमानानं सांगितलं, की नाही, इथे धुवत नाहीत.

पोरीनं आपल्या हातानं आपली पिशवी भरली, असंच वाटलं मला. सोमाजी उठून उभा राहिला होता, दोन्ही हात जोडून, काय चुकलं ते न कळून. "लहान हाये जी, माफी द्या. घेऊन जातो मी इले."

तात्याजी मंचावरून खाली उतरले. खडावा वाजवत आले. मंजुळेसमोर थांबले. माणसाचा चेहरा इतक्या लवकर इतक्या वेळा बदलू शकतो हे मी तेव्हा पाहिलं. आधी तो पांढरा झाला, मग लाल, आणि शेवटी पुन्हा ते प्रेमळ हसू आलं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि माईककडे वळले.

"पाहिलंत?" ते म्हणाले. "निर्भय आणि सत्यवादी. हीच आमची खरी विद्यार्थिनी. असं बालक आश्रम कधी दूर करेल का?"

लोकांना टाळ्या वाजवायच्या होत्या म्हणून त्यांनी वाजवल्या. मी सगळ्यांत जोरात वाजवल्या. सोमाजीनं रिकामी पिशवी हातात धरून माझ्याकडे येऊन विचारलं, "म्हंजे नेऊ का राहू देऊ, बाई?"

"राहू द्या," मी म्हटलं. "आता तिला इथून कोणी हलवू शकत नाही."

त्यानं पिशवीची घडी घातली आणि खिशात ठेवली. जाताना पोरीच्या पायांकडे बघून म्हणाला, हिले चपला घेईन म्हणतो. मी म्हटलं, थांबा, त्या आश्रमच घेणार आहे. तोपर्यंत वझलवारबाई चिटणिसांना चपलांबद्दल काहीतरी कडक आवाजात सांगत होत्याच.

आणि मग दुसरी रांग लागली. पाहुण्यांची. खादीतली मोठमोठी माणसं, एकमेकांकडे न बघता, डॉक्टर फुलझेल्यांपुढे हात पसरून. ज्यांनी सकाळी सोनखत हुंगलं होतं तेच सगळे. डॉक्टर शांतपणे प्रत्येकाला सांगत होते, की आज खाल्लेल्या मुळ्यावर आजची गोळी चालत नाही, आत जे गेलंय ते मोठं व्हायला वेळ लागतो, दोन महिन्यांनी या. मंजुळा माझ्या शेजारी डबा धरून उभी होती आणि तिला त्यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मुळा धुऊन, शिजवून ताटात आला. मुलं चपला घालून बागेत जाऊ लागली. खड्ड्यावर डॉक्टरांच्या सांगण्यावरून दगड ठेवले, आणि सहा महिन्यांनी गोळीची रांग पुन्हा लागली. होळीपर्यंत मंजुळेच्या ओठांना रंग आला. पुढे ती मॅट्रिक झाली, आता मेळघाटाकडेच एका शाळेत शिकवते. मला फोन करते तेव्हा पहिलं वाक्य असतं, बाई, जेवल्या का जी.

तात्याजी त्यानंतर बरीच वर्षं होते. त्यांच्या सत्काराच्या प्रत्येक भाषणात, त्यांनी बालकांसाठी पहिली गोळी कशी खाल्ली, हे असायचंच. मंजुळेचं पुढचं वाक्य कोणी सांगत नसे. फक्त उत्सवाच्या दुसऱ्या दिवसापासून झोपडीमागचा संडास धुण्याची सेवा मुलांकडून काढून घेतली गेली. तो तात्याजी स्वतः धुऊ लागले, रोज पहाटे, दाराला आतून कडी लावून. त्याला ते स्वावलंबनाचं व्रत म्हणायचे.